बारावीनंतरचा फुटबॉल: तालुक्याचे महाविद्यालय की नागपूर?

शालेय स्पर्धा गाजवलेला गडचिरोलीकडचा मुलगा तालुक्याच्या महाविद्यालयात गेला, तर तो 2011 साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो. तेथे, विशेषतः धान कापणीच्या दिवसांत, अकरा जण जमवतानाच शारीरिक शिक्षण संचालकांची दमछाक होत असल्याने पहिल्याच वर्षी पूर्ण 90 मिनिटे खेळायला मिळण्याची शक्यता मोठी असते. शिवाय विद्यापीठ संघात निवड झाल्यास पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार तेथूनही उघडते, हे पालकांना क्वचितच ठाऊक असते.

नागपुरात जिल्हा लीग, क्लब आणि नियमित सराव आहे. खोलीभाडे व मेसचा खर्चही आहेच. खरा फरक मात्र वेगाचा आहे. कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, खेळलेल्या मुलाला चेंडूची वेडीवाकडी उसळी थांबेपर्यंत वाट पाहण्याची सवय असते, आणि नागपुरात तेवढ्या वेळात बावीस-तेवीस वर्षांचा भरलेल्या अंगाचा बचावपटू त्याच्यावर येऊन आदळतो. ही सवय मोडायला तगडे प्रतिस्पर्धीच लागतात, पण राखीव बाकावर बसून ती मोडत नाही.

म्हणून क्लबच्या संघात जागा मिळण्याची खात्री नसेल, तर पदवीची पहिली दोन वर्षे तालुक्यात आणि सुट्टीतील सराव नागपुरात, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो.