चाळिशीनंतर पुरळही आणि सुरकुत्याही: ट्रेटिनोइन, ॲडापलीन की ॲझेलेइक ॲसिड?

पुरळावरची बहुतेक उत्पादनं विशीतली तेलकट त्वचा डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात, आणि सुरकुत्यांवरची क्रीमं उतारवयातली कोरडी त्वचा धरून. हनुवटीवर अजून पुटकुळ्या येतात आणि डोळ्यांच्या कडेला रेघाही उमटायला लागल्यात, असा चेहरा या दोन्हींच्या कात्रीत सापडतो. पुरळाच्या फेसवॉशने गाल ओढल्यासारखे होतात. सुरकुत्यांच्या जाड क्रीमने जबड्याच्या कडेला बारीक दाणे उठतात. मी हे दोन्ही भोगलंय. दोन्ही कामं एकाच वेळी करू शकतील अशी औषधं फार नाहीत, आणि माझ्या मते खरी निवड शीर्षकातल्या तिघांतच आहे. सनस्क्रीन का लावायचं, रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए गटातली औषधं; शीर्षकातली पहिली दोन त्यातलीच) हळूहळू का सुरू करायचं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहिते.

या वयातलं पुरळ वेगळं का वागतं ते थोडक्यात सांगते, कारण निवड त्यावरच ठरते. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन खाली येतं. ॲन्ड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन, त्या वेगाने उतरत नाहीत, त्यामुळे त्यांचा जोर तुलनेने वाढतो. म्हणून पुटकुळ्या कपाळावर कमी, आणि हनुवटी, जबडा, मान इथे जास्त. त्या खोल असतात, दुखतात आणि जाताना डाग ठेवून जातात. त्याच वेळी त्वचेचा वरचा थर दुखावला तर भरून यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या 5 वर्षांत त्वचेतलं सुमारे 30 टक्के कोलॅजन कमी होतं, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे औषध रंध्रांपर्यंत पोचणारं हवं, पण वरचा थर सोलून काढणारं नको. सगळी अडचण या ‘पण’मध्ये आहे.

ट्रेटिनोइनपासून सुरुवात करू, कारण या क्षेत्रातलं मानाचं पान त्याचंच. अमेरिकेत ते 1971 मध्ये पुरळावरचं औषध म्हणून मंजूर झालं. ते वापरणाऱ्या स्त्रियांची त्वचा नितळ होते, बारीक रेघा मऊ पडतात, हे पुढे ध्यानात आलं. 1986 मध्ये अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी उन्हाने जून झालेल्या त्वचेवर ट्रेटिनोइनचा काय परिणाम होतो ते मांडलं, आणि 1995 मध्ये 0.05 टक्क्यांच्या क्रीमला बारीक सुरकुत्यांसाठीही मंजुरी मिळाली. दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही अँटी-एजिंग क्रीमपाशी इतका मोठा आणि इतका जुना पुरावा नाही. मी स्वतः ते वापरलंय, आणि त्याचं काम नाकारणार नाही. कपाळाचा पोत बदलला, गालांवरची रंध्रं आवळल्यासारखी दिसायला लागली, पुरळही ओसरलं. नुसता परिणाम पाहायचा असेल तर हा लेख इथेच संपवता आला असता.

पण दिवसातून एकदा, सकाळी, त्या औषधाचा हिशेब चुकता करावा लागायचा. रात्री ट्रेटिनोइन लावलं की सकाळी ओठांच्या कोपऱ्यांशी, नाकपुड्यांच्या कडेला आणि हनुवटीवर बारीक पापुद्रे उभे असायचे. नुसते दिसायला त्रासदायक असते तर मी सोसलं असतं. खरा त्रास त्यांच्यावर सनस्क्रीन लावताना व्हायचा. सनस्क्रीन सुकताना चेहऱ्यावर एक पातळ थर धरतं. खाली अर्धवट सुटलेले पापुद्रे असले की तो थर त्वचेला न धरता पापुद्र्यांना धरतो. मग बोट फिरवलं की दोन्ही एकदम सुटून येतात आणि हनुवटीवर खोडरबरच्या चुऱ्यासारख्या पांढऱ्या गुंडाळ्या जमतात. पुसावं तर खालचा थरही जातो. पुन्हा लावावं तर पुन्हा गुंडाळ्या. न चोळता थापून लावलं तर थोडं बरं, पण तेही कानापासून हनुवटीपर्यंत सारखं बसत नाही.

हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण आपण मुळात हे औषध घेतो कशासाठी? सनस्क्रीनच्या पाकिटावरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतक्या थरावर मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन लावलं तरच आपण त्याच्या आसपास जातो. गुंडाळ्या होतात म्हटल्यावर हात आपोआप आखडतो. निम्मंच लावलं जातं, आणि तेही हनुवटीवर सर्वांत कमी, जिथे पुरळाचे डाग आहेत. डाग ऊन लागून आणखी गडद होतात. त्वचेचा वरचा थर ट्रेटिनोइनने पातळ आणि नाजूक झालेला असतो, तो वेगळाच. रात्री जे कमावलं ते सकाळी असं गळून जाणार असेल, तर औषध कितीही थोर असलं तरी माझ्या चेहऱ्यासाठी ते योग्य आहे का, हा प्रश्न मला टाळता आला नाही.

उपाय केले नाहीत असं नाही. 0.025 टक्क्यांवर आले, एक रात्र सोडून लावलं, आधी मॉइश्चरायझर, मग औषध, पुन्हा मॉइश्चरायझर असंही करून पाहिलं. गाल सुधारले. तोंडाभोवतीचे पापुद्रे मात्र हटले नाहीत. ज्यांची त्वचा जाड आणि बऱ्यापैकी तेलकट आहे त्यांना हा त्रास पहिल्या दीड-दोन महिन्यांनंतर उरतही नाही, अशा माझ्या ओळखीच्या स्त्रिया आहेत. त्यांना मी ट्रेटिनोइन सोडा असं अजिबात म्हणणार नाही.

आता ॲडापलीन. हेही रेटिनॉइडच, पण प्रयोगशाळेत घडवलेलं. 1996 मध्ये पुरळासाठी अमेरिकेत मंजूर झालं, आणि 2016 मध्ये तिथे 0.1 टक्क्यांचं जेल चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली; एखाद्या रेटिनॉइड औषधाला अशी परवानगी तिथे पहिल्यांदाच मिळत होती. ट्रेटिनोइन पेशींतल्या रेटिनॉइक ॲसिडच्या तिन्ही प्रकारच्या ग्राहींना (रिसेप्टर; औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागा) धरतं, ॲडापलीन त्यातल्या बीटा आणि गॅमा यांनाच मुख्यतः धरतं. तेलात मुरणारं असल्यामुळे ते रंध्राच्या आत चांगलं उतरतं. चिडचिड कमी होण्यामागे हेच कारण सांगतात. उजेडात ते मोडत नाही आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर ठेवलं तरी टिकतं. ट्रेटिनोइनच्या साध्या क्रीमला आणि जेलला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत.

माझा अनुभव मोजमाप म्हणून घेऊ नका, पण सांगते. ॲडापलीननेही सुरुवातीला त्वचा कोरडी पडली, पहिल्या काही आठवड्यांत आत दडलेल्या पुटकुळ्या वरही आल्या. पण पापुद्रे उभे राहिले नाहीत. सकाळी हनुवटीवरून बोट फिरवलं की त्वचा सपाट लागायची. सनस्क्रीन पूर्ण दोन बोटं लावलं, सुकलं, आणि तिथेच राहिलं. जबड्याकडचे जुने डाग खऱ्या अर्थाने फिके पडायला लागले ते तेव्हापासून. त्याचं श्रेय ॲडापलीनला किती आणि शेवटी नीट बसलेल्या सनस्क्रीनला किती, हे मला वेगळं करता येणार नाही. पण दोन्ही एकत्र नांदतात, हाच तर मुद्दा आहे.

सुरकुत्यांच्या बाबतीत मात्र ट्रेटिनोइनशी प्रामाणिक राहायला हवं. ॲडापलीन मंजूर झालंय ते पुरळासाठी, सुरकुत्यांसाठी नाही. 0.3 टक्क्यांच्या ॲडापलीन जेलची ट्रेटिनोइन 0.05 टक्क्यांशी उन्हाने जून झालेल्या त्वचेवर तुलना झालेली आहे आणि निकाल जवळपास सारखे आले. पण असे अभ्यास मोजकेच आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेक जण 0.3 नाही, 0.1 वापरतात. माझ्या डोळ्यांच्या कडेच्या रेघा ट्रेटिनोइनच्या काळात जरा जास्त मऊ होत्या असं मलाही वाटतं. तरी तो फरक आरशात जवळ गेल्यावर दिसणारा होता. हनुवटीवरचा डाग चार हातांवरून दिसतो.

ॲझेलेइक ॲसिडचा रस्ताच वेगळा. ते रेटिनॉइड नाही. पुरळाच्या जंतूंवर काम करतं, लाली उतरवतं, आणि रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं. त्यामुळे पुरळ गेल्यावर मागे राहणाऱ्या तपकिरी डागांवर त्याचा हात चांगला बसतो. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर पुटकुळी आठवड्यात जाते पण डाग कित्येक महिने राहतो, तिथे या गुणाचं मोल फार मोठं आहे. 20 टक्क्यांचं क्रीम पुरळासाठी, 15 टक्क्यांचं जेल मुख्यतः रोझेशियासाठी (गाल-नाक लाल करणारा त्वचाविकार) वापरतात. चिठ्ठीशिवाय मिळतं ते साधारण 10 टक्क्यांचं. गरोदरपणात रेटिनॉइड टाळतात, हे मात्र सहसा चालतं. चाळिशीतही गर्भधारणा होऊ शकते, तेव्हा ही बाब उगाच बाजूला ठेवू नये.

लावल्यावर ते काही मिनिटं चुरचुरतं, कधी खाजतं. ते सोसण्यासारखं आहे. पण 10 टक्क्यांचं सिलिकोनवालं सस्पेन्शन मी सकाळी लावलं तेव्हा माझा जुना वैरी परत आला: वर सनस्क्रीन लावताच गुंडाळ्या. इथे पापुद्रे नव्हते, तो थरच निसटत होता. 15 टक्क्यांच्या जेलने हे होत नाही, निदान माझ्या सनस्क्रीनखाली तरी नाही. सुरकुत्यांसाठी ॲझेलेइककडून फार अपेक्षा ठेवू नका. रंग एकसारखा झाल्यामुळे चेहरा टवटवीत दिसतो, रेघा जिथल्या तिथे राहतात.

रेटिनॉलबद्दल कमीच लिहिते. त्वचेत त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक ॲसिड व्हावं लागतं, म्हणून ते सौम्य आणि म्हणूनच संथ. पुरळ नसलेल्या त्वचेला ते पुरेल. सक्रिय पुरळ असताना त्याच्यावर महिने घालवावेत असं मला वाटत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड उठलेल्या पुटकुळ्यांवर लवकर काम करतं, 2.5 टक्क्यांचं घ्या, 10 टक्क्यांच्याने फक्त जळजळ वाढते. सुरकुत्यांशी त्याला देणंघेणं नाही आणि उशांचे अभ्रे मात्र पांढरे पडतात.

एक गोष्ट लोक बघत नाहीत: औषध कशात कालवलंय ते. तीच टक्केवारी जेलमध्ये वेगळी वागते, क्रीममध्ये वेगळी. अल्कोहोल असलेलं जेल या वयातल्या गालांना फार कोरडं पाडतं. उलट काही क्रीमांत आयसोप्रोपाइल मायरिस्टेट हा तेलकट घटक असतो, आणि काहींच्या हनुवटीला तो बाधतो. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (रंध्रं न बुजवणारं) या शिक्क्यावरही फार विसंबू नका, त्यासाठी सगळ्यांना लागू असलेली एकच ठरलेली कसोटी नाही. मला पाण्यावर बेतलेलं ॲडापलीन जेल आणि त्यावर सेरामाइड (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध घटक) असलेलं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर मानवलं.

मग कोणी काय घ्यावं? सुरकुत्या आणि उन्हाचा राप हीच मुख्य तक्रार असेल, पुरळ अधूनमधूनच येत असेल आणि त्वचा चिवट असेल, तर ट्रेटिनोइन. त्याच्या तोडीचं दुसरं नाही. लाली, नाजूकपणा किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर ॲझेलेइक. पण पुरळ नियमित येतंय, डाग राहतायत, तोंडाभोवतीची त्वचा पटकन सोलवटते आणि सकाळी सनस्क्रीन लावून बाहेर पडायचंय, असं असेल तर मी आधी ॲडापलीन हातात देईन. माझ्याकडे सध्या ॲडापलीन आणि ॲझेलेइक जेल आलटून पालटून चालतं, एका रात्री हे, दुसऱ्या रात्री ते. तोंडाभोवती थकवा जाणवला की एक रात्र नुसतं मॉइश्चरायझर.

काही चेहरे यातल्या कशानेच नीट होणार नाहीत, आणि त्यांनी क्रीमं बदलत बसू नये. गाठीसारखं खोल, दुखरं पुरळ, त्याबरोबर हनुवटीवर राठ केस किंवा पाळीचं बिघडलेलं चक्र असेल तर हार्मोनची तपासणी हवी. स्पायरोनोलॅक्टोनसारखी, ॲन्ड्रोजेनचा जोर कमी करणारी गोळी स्त्रियांना उपयोगी पडते, पण ती डॉक्टरच ठरवणार. ब्लॅकहेड्स मुळीच नाहीत, गाल आणि नाक सारखे तापून लाल होतात, असं असेल तर ते पुरळ नसून रोझेशिया असू शकतो आणि तिन्ही औषधांत ॲझेलेइकच त्याला मानवेल. आणि गोरेपणासाठी म्हणून स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम लावत असाल, तर पुरळाचं कारण तेच असण्याची शक्यता बरीच आहे. ते एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच सोडा.

ट्रेटिनोइनवरून ॲडापलीनवर यायचं ठरवलंत, तर पापुद्रे पूर्ण बसेपर्यंत मध्ये काहीच लावू नका, फक्त मॉइश्चरायझर. मग कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढंच घ्या, ते संपूर्ण चेहऱ्याला पुरवा, एकेका पुटकुळीवर टेकवू नका. ओठांच्या कोपऱ्यांना आणि नाकपुड्यांच्या कडांना आधी थोडं पेट्रोलियम जेली लावलेलं बरं. पुरळाचा निकाल 12 आठवड्यांपूर्वी लावू नये, सुरकुत्यांचा सहा महिन्यांपूर्वी तर नाहीच. सनस्क्रीनचा मात्र पहिल्या आठवड्यातच कळतो: सुकल्यावर हनुवटीवरून हलकेच बोट फिरवून बघा.