लिब्रीवॉक्स : प्रूफं ऐकणारीचा अभिप्राय

लिब्रीवॉक्स या ध्वनिपुस्तकांच्या मोफत सेवेबद्दल दोन मतं सारखी कानावर येतात. एक म्हणजे, फुकट आहे, मस्त आहे. दुसरं, हौशी लोकांचे आवाज आहेत, ऐकवत नाहीत. दोन्ही मतं देणाऱ्यांनी बहुधा एखादंच पुस्तक ऐकलेलं असतं. मी तिथली पुस्तकं नेमाने ऐकते, अधूनमधून एखादं प्रकरण वाचून देते आणि सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्यांनी वाचलेल्या प्रकरणांची प्रूफं ऐकण्यात, म्हणजे रेकॉर्डिंगमधल्या चुका शोधण्यात घालवते. त्याआधी नोकरीची सगळी वर्षं छापील मजकुराची प्रूफं वाचण्यात गेली. त्यामुळे माझं मोजमाप जरा वेगळं आहे, ते आधीच सांगते. आवाज किती गोड आहे यावरून मी या सेवेची पारख करत नाही. लेखकाने लिहिलेलं पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझ्या कानात पोचलं का, एवढंच बघते. आणि त्या मापाने लिब्रीवॉक्सला माझ्याकडून भरघोस गुण.

थोडी माहिती, ज्यांनी नावच ऐकलं नसेल त्यांच्यासाठी. ह्यू मॅग्वायर यांनी ऑगस्ट 2005 मध्ये माँट्रियलमधून हा उपक्रम सुरू केला. पहिलं पुस्तक होतं जोसेफ कॉनरॅड यांची 'द सीक्रेट एजंट' ही कादंबरी, आणि तीही अनेकांनी प्रकरणं वाटून घेऊन वाचली होती. आज यादीत 20,000 हून अधिक ध्वनिपुस्तकं आहेत. मूळ मजकूर बहुतेक वेळा प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या मोफत ई-संग्रहाकडून येतो, तयार फाइली इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयात राहतात. ऐकायला खातं उघडावं लागत नाही आणि पैसे तर नाहीतच. वाचणारे, ऐकणारे, पुस्तकाची जुळवणी करणारे सगळे स्वयंसेवक.

पुस्तकं अर्थातच जुनी. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे ज्यांचा कॉपीराइट संपला आहे तीच इथे घेतात. ढोबळ हिशेब प्रकाशनानंतर 95 वर्षांचा, म्हणून दर 1 जानेवारीला आणखी एका वर्षाची पुस्तकं मोकळी होतात. 2024 च्या सुरुवातीला 1928 ची झाली, 2025 च्या सुरुवातीला 1929 ची. दुसऱ्या देशातल्या माणसाने आपापला कायदा पाहून घ्यायचा. याचा एक परिणाम अनुवादित पुस्तकं ऐकणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. अनुवादालाही हाच नियम लागतो, तेव्हा रशियन कादंबरी इंग्रजीतून ऐकायला घेतली तर ती कॉन्स्टन्स गार्नेट या जुन्या काळच्या अनुवादिकेच्या पिढीच्या इंग्रजीत मिळण्याची शक्यता जास्त. मला ती भाषा आवडते. ज्यांना आजचं, सुटसुटीत इंग्रजी हवं आहे त्यांची मात्र निराशा होईल.

आता पुस्तक तयार कसं होतं ते सांगते, कारण त्यातच या सेवेचा स्वभाव आहे. एक जण पुस्तक निवडतो आणि त्याचे भाग पाडतो. त्याला बुक कोऑर्डिनेटर म्हणतात. प्रत्येक पुस्तकाचा एक तक्ता असतो, त्याचं नाव मॅजिक विंडो. कुठलं प्रकरण कुणी घेतलं, फाइल आली का, प्रूफ ऐकून झालं का, सगळं त्यात दिसतं. एकाच माणसाने पूर्ण पुस्तक वाचलं तर ते सोलो. अनेकांनी वाटून घेतलं तर ग्रुप. तिसरा प्रकार नाट्यवाचनाचा, त्यात प्रत्येक पात्राला वेगळा आवाज आणि निवेदनाला आणखी एक. शेवटी मेटा कोऑर्डिनेटर सगळं तपासून पुस्तक यादीत चढवतो.

वाचायला कुणीही येऊ शकतं. आधी एक मिनिटाची चाचणी फाइल द्यायची असते आणि ती पूर्णपणे तांत्रिक असते. एमपी3, 128 केबीपीएस, 44.1 किलोहर्ट्‌झ, मोनो, आवाजाची पातळी 89 डेसिबलच्या आसपास, मागे घरघर नको. तुमचे उच्चार कुठल्या प्रदेशातले आहेत, तुम्ही नाटकात काम केलं आहे का, असं कुणी विचारत नाही. घरातल्या घरात, साध्या यूएसबी माइकवर, ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये बहुतेक जण हे काम करतात. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, आणि माइक तोंडासमोर धरण्याऐवजी जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना श्वासाचा धक्का बसत नाही. माझं सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडं ठेवून, त्याच्याकडे तोंड करून झालं आहे. कपडे आवाज पिऊन टाकतात. घरघर काढणारं फिल्टर मात्र बेताने वापरावं. जास्त चालवलं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं, आणि त्यापेक्षा पंख्याचा आवाज परवडला.

माझा जीव खरा प्रूफं ऐकण्यात. प्रत्येक प्रकरण वाचणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी पूर्ण ऐकल्याशिवाय पुढे जात नाही. छापील प्रुफात डोळ्याला वेलांट्या, काने, सुटलेली जोडाक्षरं दिसतात. कानाला भेटणाऱ्या चुका वेगळ्याच असतात. सगळ्यात नेहमीची म्हणजे एकच वाक्य दोनदा. वाचणारा अडखळतो, वाक्य पुन्हा म्हणतो, पहिलं कापायचं राहून जातं. मग लांबलेली शांतता, पान उलटल्याची सळसळ, खुर्चीची करकर, मध्येच बदललेली आवाजाची पातळी. अशा प्रत्येक जागेची वेळ लिहायची, तिथे काय ऐकू आलं आणि काय असायला हवं ते लिहायचं. वाचणारा दुरुस्त फाइल पाठवतो, मग तेवढा भाग पुन्हा ऐकायचा आणि "पीएल ओके" (पीएल म्हणजे प्रूफ-लिसनिंग) अशी खूण करायची.

एकदा एका जाड इंग्रजी कादंबरीचं मधलं प्रकरण माझ्याकडे होतं. वाचणारे गृहस्थ सफाईदार, आवाज भारदस्त, कुठेही अडखळणं नाही. नुसतं ऐकलं असतं तर एकही चूक सापडली नसती. मी मजकूर समोर उघडून ऐकत होते, म्हणून लक्षात आलं की एक आख्खा परिच्छेद नाहीच. लागोपाठच्या दोन परिच्छेदांची सुरुवात त्याच तीन शब्दांनी होत होती आणि त्यांची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली होती. अर्थ तुटत नव्हता, हीच तर अडचण. पण त्या गाळलेल्या परिच्छेदात नायिकेच्या आईचं पत्र होतं, आणि पन्नासेक पानांनंतर त्याच पत्राचा उल्लेख येतो. ऐकणाऱ्याला तिथे वाटलं असतं, आपलंच लक्ष नव्हतं. त्यांनी तो परिच्छेद वाचून पाठवला, पण वेगळ्या दिवशीचा आवाज जरा कोरडा आणि लांबचा लागत होता. माझं म्हणणं फक्त गाळलेल्या मजकुरापुरतं होतं. तरी त्यांनी आपणहून आधीच्या पानापासून सगळं पुन्हा वाचलं. या माणसाला त्या कामाचा एक पैसाही मिळणार नव्हता. तयार पुस्तकात ती जागा आता मलाही सापडत नाही.

इथे एक गोष्ट सेवा वापरणाऱ्यांनी जाणून घ्यावी. प्रूफ ऐकण्याच्या तीन पातळ्या असतात. साध्या पातळीत मजकूर समोर ठेवणं बंधनकारक नसतं, ठळक चुका टिपल्या की पुरे. दुसरीत वाचणाऱ्याने सांगितलेल्या खास गोष्टींकडे लक्ष द्यायचं. तिसरी शब्दन्‌शब्द, मजकुरावर बोट ठेवून. बहुतेक पुस्तकं साध्या पातळीवर होतात. मला ही पातळी अपुरी वाटते, वरचं उदाहरण त्यासाठीच दिलं. पण सगळ्या पुस्तकांना शब्दन्‌शब्द पातळी लावली तर तेवढे कान आणि तेवढे तास आणायचे कुठून, हाही खरा प्रश्न आहे. मी माझ्यापुरता मार्ग काढला आहे. पातळी कुठलीही असो, मजकूर समोर ठेवते.

आणि आता तो नियम, ज्यावर सगळ्यात जास्त नाकं मुरडली जातात. प्रूफ ऐकणाऱ्याने वाचनाच्या शैलीवर बोलायचं नाही. उच्चाराची ढब, वेग, भाव, यांपैकी कशावरही नाही, वाचणाऱ्याने स्वतः विचारलं तरच. नवीन होते तेव्हा मला हे पटायला वेळ लागला, कारण छपाईच्या जगात आम्ही लेखकालाही वाक्य बदलायला सांगत असू. पण हा नियम नसता तर पहिल्याच आठवड्यात निम्मे लोक निघून गेले असते. ज्यांच्या कानाला आपलाच आवाज विचित्र वाटतो, ज्यांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, वय झाल्यामुळे ज्यांचा आवाज थोडा थरथरतो, ती माणसं आधी गेली असती. आज ती टिकून आहेत आणि वाचता वाचता सुधारतात. एका बाईंचं पहिलं प्रकरण मी ऐकलं तेव्हा प्रत्येक स्वल्पविरामाला त्या थांबत होत्या. त्याच पुस्तकाच्या अखेरच्या भागात त्या लांबलचक वाक्याचा तोल शेवटपर्यंत सांभाळत होत्या. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं.

या नियमाची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागते, हेही तितकंच खरं. ग्रुप पुस्तकात दर प्रकरणाला आवाज बदलतो. कथा 'मी' सांगत असेल आणि तो 'मी' एकदा तरुण मुलगी, एकदा वयस्क पुरुष, मग पुन्हा तिसरंच कुणी असा होत गेला, तर रस तुटतो. अशा कादंबऱ्यांसाठी सोलोच शोधावं. प्रसिद्ध पुस्तकांच्या एकाहून अधिक आवृत्त्या असतात, निवडायला वाव असतो. इतिहास, प्रवासवर्णनं, निबंध, तत्त्वज्ञान ग्रुपमध्ये अजिबात खटकत नाहीत, उलट नवा आवाज आला की मन पुन्हा जागं होतं. नाट्यवाचनाच्या बाबतीत माझं मत कडक आहे. प्रत्येक जण आपल्या घरी, आपल्या माइकवर एकट्याने संवाद म्हणतो आणि ते नंतर जोडले जातात. भांडणाच्या प्रसंगात एक पात्र मोठ्या खोलीत आणि दुसरं कपाटात बसल्यासारखं ऐकू येऊ शकतं. जुळवणारा कसबी असेल तर मात्र मजा येते.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला, हे लिब्रीवॉक्सचं रेकॉर्डिंग आहे आणि सर्वांसाठी खुलं आहे, अशी ठरलेली घोषणा असते. शेवटी पाच सेकंदांची शांतता. झोपताना ऐकणाऱ्यांना घोषणेचा कंटाळा येतो. मला तिची सवय झाली आहे.

कवितांबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण इथे ही सेवा इतर सगळ्यांच्या पुढे जाते. एक छोटी कविता ठरवतात आणि ज्याला वाटेल तो ती वाचून पाठवतो. एकाच कवितेची डझनभर, कधी त्याहून जास्त वाचनं एकापाठोपाठ. पहिली दोन-तीन ऐकताना वाटतं, तेच तेच किती ऐकायचं. मग कुणीतरी दुसऱ्या ओळीनंतर अनपेक्षित थांबतं आणि पुढचा शब्द नव्याने उजळतो. कुणी शेवटचं कडवं जवळजवळ रागाने म्हणतं, आणि त्या कवितेत राग आहे हे आपल्याला पहिल्यांदा कळतं. कविता शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वर्गात ऐकवावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हल्ली विचारतात, यंत्राचा आवाज इतका चांगला झालाय, मग माणसांनी कशाला तास घालवायचे? 2023 मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्ग, मायक्रोसॉफ्ट आणि एमआयटी यांनी मिळून सुमारे 5,000 पुस्तकं कृत्रिम आवाजात खुली केली. मी त्यातली काही ऐकली. एकसारखा, स्वच्छ आवाज, न दमणारा. पण एकोणिसाव्या शतकातलं सात ओळींचं वाक्य सुरू झालं की भार भलत्याच शब्दावर पडतो, आणि टोमणा साध्या विधानासारखा निघून जातो. लिब्रीवॉक्स फक्त माणसाने वाचलेलं घेतं. वाचणाऱ्याला ते वाक्य आधी समजून घ्यावं लागतं, नाहीतर श्वास कुठे घ्यायचा तेच कळत नाही. ती समज ऐकू येते. आणि हेही नोंदवते की 2015 मध्ये संशोधकांनी याच हौशी वाचनांतून सुमारे 1000 तासांचा लिब्रीस्पीच नावाचा संग्रह केला. यंत्रांना बोलणं ओळखायला शिकवण्यासाठी तो जगभर वापरला गेला.

वाचणारे आपल्या वाचनावरचेही सगळे हक्क सोडून देतात. त्यामुळे हीच रेकॉर्डिंग्ज दुसरीकडे विकायला ठेवलेली किंवा जाहिराती लावून ऐकवलेली दिसतात, आणि ते नियमात बसतं. तुम्ही मात्र पैसे देण्याआधी मूळ यादीत शोधा.

नवीन ऐकणाऱ्याने आधी पुस्तकाच्या माहितीत सोलो की ग्रुप ते बघावं, मग मधलंच एखादं प्रकरण पाच मिनिटं ऐकावं. पहिल्या प्रकरणात सगळेच सावध असतात, मधल्या प्रकरणात वाचणाऱ्याची खरी चाल कळते. आवाज नाही पटला तर दुसरी आवृत्ती शोधावी. ज्यांना स्वतः काही करावंसं वाटेल, पण माइकची भीती वाटते, त्यांनी प्रूफं ऐकायला यावं. एक मिनिटाची चाचणी फक्त वाचणाऱ्यांसाठी आहे. इथे हेडफोन लागतो, उघडलेला मजकूर लागतो आणि मिनिट-सेकंद टिपायला कागद. पहिल्यांदा वीस मिनिटांच्या आतलं प्रकरण घ्या, आणि ग्रुप पुस्तकातलं घ्या, म्हणजे एका प्रकरणावर मोकळे होता येतं.