लेच्चेची पिझ्झिका कार्यशाळा: ठेका पक्का, पोथी कच्ची

इटलीच्या टाचेवर, पुलिया प्रांतातील सालेंतो भागात, कोळी चावलेल्या माणसाला नाचवून बरे करण्याची प्रथा शतकानुशतके चालू होती, आणि पिझ्झिका नावाचा तोच नाच आता लेच्चे शहरात पर्यटकांना दोन तासांत शिकवला जातो. आतेबहिणीसह मी अशाच एका कार्यशाळेला गेले होते. माणशी 30 युरो शुल्क, दगडी कमानींची जुनी खोली, आम्ही 14 जण आणि शिकवायला एक उत्साही बाई.

आधी चांगले सांगते. तांबुरेल्लो हे बकरीच्या कातड्याने मढवलेले आणि कडेला पत्र्याच्या चकत्या बसवलेले वाद्य म्हणजे आपल्या खंजिरीचे थोरले भावंड. ते एका हातात उभे धरून दुसऱ्या हाताचा तळवा, बोटांची टोके आणि अंगठ्याचा उंचवटा असा आळीपाळीने फिरवायचा असतो. लय सहा मात्रांची, दादरा भरधाव सोडल्यासारखी. पहिली 40 मिनिटे बाईंनी कोणालाही पाऊल उचलू दिले नाही, नुसता हात फिरवायला लावला, आणि हे फार योग्य झाले, कारण माझ्या अंगठ्याच्या बुडाशी कातडे सोलवटले तेव्हा कुठे तिहेरी ठोका जागेवर पडू लागला. त्यानंतरचा नाच सोपाच वाटला: चवड्यांवर लहान उड्या, जोडीदाराला न शिवता त्याच्याभोवती गिरक्या आणि हातात लाल रुमाल.

तक्रार आहे ती इतिहासाविषयी. मधल्या विश्रांतीत बाईंनी आख्यान लावले. संत पौल प्रवासात गालातीना गावी उतरले आणि पाहुणचारावर प्रसन्न होऊन त्यांनी त्या घराला व विहिरीच्या पाण्याला विष उतरवण्याची शक्ती दिली, ही तिथली दंतकथा आहे, आणि दंतकथा म्हणून ती ऐकायला कोणाची हरकत असणार? परंतु प्राचीन ग्रीक मद्यदेवतेच्या उपासनेतील नाच चर्चच्या नजरेतून वाचवण्यासाठी कोळ्याचे निमित्त पुढे केले गेले, हा निव्वळ तर्कही त्याच दमात, जणू सातबाऱ्यावर नोंद असावी अशा खात्रीने सांगण्यात आला. आथानासियुस किर्शर या जेझुइट पंडिताने 1641 मध्ये कोळ्याच्या विषावर उतारा म्हणून एक स्वरावली छापली, हे खरे आहे. मात्र तेवढ्यावरून नाचाने विष उतरते हे सिद्ध झाल्याचे सांगणे म्हणजे दृष्ट काढण्याच्या मिरच्या दुकानात मिळतात म्हणून दृष्ट लागते असे म्हणण्यासारखे आहे.

वाईट याचे वाटते की खरी हकिकत या आख्यानापेक्षा कितीतरी सुरस आहे. तारांतो शहरावरून ज्याला नाव मिळाले तो केसाळ, मोठा कोळी दिसायला भयंकर असला तरी त्याचा दंश फारसा घातक नसतो. अंग आखडून माणसाला तळमळायला लावतो तो लाल ठिपक्यांचा, लहानसा काळा कोळी, आणि बदनामी झाली केसाळाची. एर्नेस्तो दे मार्तिनो या अभ्यासकाने 1959 च्या उन्हाळ्यात मानसोपचारतज्ज्ञ आणि संगीत-अभ्यासक यांना सोबत घेऊन सालेंतोत पाहणी केली, तेव्हा 29 जूनला, संत पौलांच्या सणाला, गालातीनाच्या देवळात येणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या, आणि एकदा झालेला दंश दरवर्षी त्याच हंगामात पुन्हा जागा होत असे. दंशापेक्षा मन कोंडल्याचे दुःखच त्यातून बाहेर पडत असावे, असे त्याचे म्हणणे. या बायकांसाठी व्हायोलिन वाजवणारे नार्दो गावचे लुईजी स्तिफानी पेशाने न्हावी होते, आणि कोणाला कोणत्या सुरावटीने उतार पडला याच्या नोंदी ते ठेवत असत. अशा माणसाचे नावही त्या दोन तासांत निघाले नाही.

शेवटी 'उपचारा'चे नाटक झाले. जमिनीवर पांढरी चादर अंथरून मला तीवर बसवण्यात आले, प्लास्टिकचा कोळी मांडीवर ठेवला गेला आणि समोर रंगीत फिती धरून एक निवडायला सांगितले. मी हिरवी घेतली. 'तुमचा कोळी उदास आहे,' असे जाहीर झाले आणि सगळे माझ्याभोवती नाचू लागले. चादर, फिती आणि कोळ्याचा स्वभाव या गोष्टी जुन्या विधीत खरोखर होत्या, ही त्यातली गंमत, पण ते सांगितलेच नाही. हसू आवरत नसताना मला एकनाथांचा विंचू आठवला. नाथांनी दंशाचे रूपक उघडपणे रूपक म्हणून नाचवले, आणि त्यासाठी कोणालाही खोटी वंशावळ जोडावी लागली नाही.

पाचपैकी साडेतीन तारे देते, तेही ठेक्यासाठी. वाद्य शिकायचे असेल तर अवश्य जावे. इतिहासासाठी लोकल गाडीने गालातीनाला जाऊन ते लहानसे देऊळ पाहावे. पाण्याची बाटली घरून न्यावी, कारण तिथे पाण्याची सोय नव्हती, आणि अंगठ्याला लावायची चिकटपट्टी आधीच खिशात ठेवावी.