फास्टॅगचा वार्षिक पास : पुणे–सातारा येण्याजाण्याच्या अनुभवातून

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो आणि माझे आईबाबा साताऱ्याला. बाबांनी सत्तरी ओलांडल्यापासून एक शनिवार-रविवार आड करून साताऱ्याला जाण्याचा आमचा परिपाठ आहे. आठवडाभर मुलीची शाळा, दोघांच्या नोकऱ्या, डबे आणि धुणीभांडी यांत दिवस कसे सरतात ते कळत नाही. शनिवारी पहाटे मात्र डिकीत बाबांची औषधे, आईने मागवलेले सामान आणि परत करायचे रिकामे डबे भरून आम्ही निघतो. गेल्या गणपतीच्या आधी मी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा फास्टॅग वार्षिक पास घेतला, म्हणजे टोल कापण्यासाठी गाडीच्या काचेवर लावलेल्या टॅगवर टोलचे पैसे एकदम आधीच भरून ठेवले. संक्रांतीपर्यंतच्या अकरा फेऱ्यांनंतर त्याविषयी लिहीत आहे, कारण आमच्यासारखी दोन गावांत विभागलेली कुटुंबे पुष्कळ आहेत आणि पास घ्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाच्या रस्त्यावर अवलंबून आहे.

15 ऑगस्ट 2025 रोजी ही योजना सुरू झाली. मी घेतला तेव्हा पासाची किंमत 3,000 रुपये होती आणि त्यात 200 ट्रिप किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी संपेल तिथपर्यंतची मुदत मिळते. इथे ‘ट्रिप’ या शब्दापाशी बहुतेकांची गफलत होते. घरून निघून घरी परत येणे म्हणजे एक ट्रिप नव्हे; आमच्या रस्त्यासारख्या महामार्गावर एक टोलनाका एकदा ओलांडला की एक ट्रिप धरली जाते. पुणे–सातारा रस्त्यावर खेड शिवापूर आणि आनेवाडी असे दोन नाके लागतात, म्हणजे जाऊन-येऊन चार ट्रिप खर्ची पडतात. या हिशेबाने एका पासात पन्नास फेऱ्या बसतात आणि एक नाका पंधरा रुपयांना पडतो. पूर्वी चोवीस तासांच्या आत परतल्यास परतीच्या टोलमध्ये मिळणारी सवलत आमच्या उपयोगी पडत नसे, कारण शनिवारी सकाळी गेलेले आम्ही रविवारी संध्याकाळी आईच्या हातचा चहा घेतल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे दोन्ही वेळचा पूर्ण टोल भरावा लागे. माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे आठव्या फेरीच्या आसपास पासाचे पैसे वसूल झाले आणि त्यानंतरचा प्रत्येक टोल वाचला. जे वर्षातून चार-पाच वेळाच गावी जातात, त्यांना मात्र हा पास घ्या असे मी सांगणार नाही. उरलेल्या ट्रिप पुढच्या वर्षात जात नाहीत आणि त्यांचे पैसेही परत मिळत नाहीत.

पास घेण्याची पद्धत सोपी आहे. नवीन टॅग लागत नाही. काचेवर असलेल्या टॅगवरच राजमार्गयात्रा ॲपमधून किंवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून गाडीचा नंबर तपासून पैसे भरायचे. आमची अडचण त्याच्या आधीच आली. गाडी नवी घेतली तेव्हा नंबर यायचा होता, म्हणून टॅग केवळ चॅसी नंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावर, नोंदवलेला होता आणि अशा टॅगवर पास मिळत नाही. टॅग देणाऱ्या बँकेकडे आरसी बुकाची प्रत दोनदा पाठवावी लागली, तीन वेळा फोन करावे लागले आणि तेवढ्यात आमचा एक शनिवार जुन्याच दराने गेला. एकदा नोंद दुरुस्त झाल्यावर पैसे भरल्यापासून दोन तासांच्या आत पास सुरू झाला. म्हणून ज्यांना पास घ्यायचा आहे, त्यांनी प्रवासाच्या आदल्या रात्री नव्हे, तर आठ-दहा दिवस आधी आपला टॅग गाडीच्या नंबरवर नोंदवलेला आहे का आणि तो काचेला नीट चिकटवलेला आहे का, हे पाहून घ्यावे. पास त्या एका गाडीपुरताच असतो. घरात दोन गाड्या असतील तर दोन पास लागतात आणि गाडी विकली तर तो दुसऱ्या गाडीवर चढवता येत नाही. भाड्याने चालणाऱ्या पिवळ्या पाटीच्या गाड्यांना तो मिळत नाही.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा आम्हाला भाऊबीजेला कळली. हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांवर चालतो. राज्याच्या अखत्यारीतल्या रस्त्यांवर नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर नेहमीप्रमाणे टॅगच्या खात्यातून पैसे कापले जातात. साताऱ्याच्या फेऱ्यांत खात्याला हात लागत नसल्याने त्यात भर घालण्याची सवयच सुटली होती. भावाकडे ठाण्याला जाताना द्रुतगती मार्गाच्या नाक्यावर अडसर वर जाईना, खात्यात जेमतेम नव्वद रुपये निघाले आणि मागे गाड्यांचे हॉर्न वाजत असताना दुप्पट टोल रोख मोजावा लागला. ओवाळणीच्या ताटाचे सामान मांडीवर घेऊन बसलेली माझी मुलगी त्या गोंधळाने घाबरून रडू लागली, ते मला अजून आठवते. त्या दिवसापासून मी खात्यात किमान हजार रुपये ठेवते. पास आहे म्हणजे सगळीकडचा टोल भरलेला आहे, ही समजूत कोणीही करून घेऊ नये.

रस्ता मात्र आहे तसाच आहे. शनिवारी साडेसहाच्या आत कात्रजचा बोगदा ओलांडला नाही तर खेड शिवापूरला रांग लागलेली असते, आणि वाटेत एखादा भरलेला ट्रक बंद पडला की पासधारकही बाकीच्यांसारखाच अडकतो. त्याचे खापर मी पासावर फोडत नाही. फक्त वेळ वाचेल या आशेने कोणी तो घेऊ नये.

घरात झालेला बदल मला पैशांहून मोठा वाटतो. पूर्वी महिनाअखेरीला गाडीचा खर्च मांडताना पेट्रोलच्या खाली टोलचा आकडा यायचा आणि ‘या वेळी राहू द्या, पुढच्या आठवड्यात जाऊ’ असे आमच्यापैकी कोणीतरी म्हणायचेच. आता पेट्रोल तेवढे लागते. टोलचे पैसे आधीच दिलेले असल्याने जाणे रद्द करण्याचे एक कारण कमी झाले. डिसेंबरात आईचा गुडघा दुखावला, तेव्हा मी बुधवारी संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर निघून तिला पाहून रात्री परत आले. एका संध्याकाळपुरते साताऱ्याला जाणे मला पूर्वी सुचलेच नसते.

बाबांना मात्र आमच्या खर्चाची कायम काळजी. पोचल्यावर पाण्याचा तांब्या पुढे करता करता त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘टोलला किती गेले?’ आणि निघताना ते नातीच्या मुठीत खाऊच्या नावाखाली तेवढ्याच नोटा सरकवणार. संक्रांतीला गेले तेव्हा मी त्यांना ॲप उघडून दाखवले. परतीचे दोन नाके त्यातून वजा करून मी सांगितले की, आज पुण्याला पोचल्यावर 156 ट्रिप शिल्लक राहतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला, ओठांतल्या ओठांत चारने भागले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली, ‘ऐकलंस का, पोरं अजून एकोणचाळीस वेळा येणार आहेत.’