अजरखपूरची ओढणी

आम्ही किल्लारीजवळचे. १९९३चा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यामुळे कच्छला गेल्यावर रणाच्या आधी मला अजरखपूर बघायचं होतं. भुजपासून साधारण पंधरा किलोमीटर, २००१च्या भूकंपानंतर वसलेलं गाव.

छापकाम करणाऱ्या खत्री कुटुंबांचं जुनं गाव धमडका. तिथं घरं पडलीच, शिवाय पाण्यातलं लोह वाढलं. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी केलेली छपाई. तिचं कापड आधी हिरड्यात भिजवतात. अशा कापडाला लोहाचं पाणी लागलं की ते काळपट पडतं. चांगल्या पाण्यासाठी त्यातली बरीच कुटुंबं इथं आली. ज्या कारखान्यातून मी ओढणी घेतली तिथल्या चाचांनी एक पिंप उघडून दाखवलं: गंजलेलं लोखंड आणि गूळ, आंबत ठेवलेला. त्यात चिंचोक्याची पूड घालून दाट केलं की छापायचा काळा रंग तयार. ज्या लोहानं गाव सोडायला लावलं, त्याच्याशिवाय अजरखची काळी रेघ उमटत नाही. मी त्या पिंपाशी बराच वेळ उभी होते.

ओढणी सुती, अडीच मीटर, अठराशे रुपये. घासाघीस केली नाही, करूही नये. पहिल्या दोन धुण्यांत निळा थोडा उतरला, लाल मात्र सात महिन्यांनी तस्साच आहे. एका कोपऱ्यात ठसे केसभर सरकलेत. हातकाम आहे, मला ते आवडतं. महामार्गावरच्या दुकानांतला स्वस्त ‘अजरख’ घेऊ नका. एकीनं दाखवलेला माल मशीनचा होता आणि ती तो हाताचा म्हणून विकत होती.

गावातलंच एलएलडीसी हे भरतकामाचं संग्रहालय चुकवू नका. दोन तास तरी हवेतच. ‘सृजन’ या संस्थेनं ते उभारलंय. तिचं काम १९६९च्या दुष्काळात कच्छी बायकांच्या हाताला भरतकाम देण्यापासून सुरू झालं. तिथं सूफ नावाचं भरतकाम बघा. १९७१च्या युद्धानंतर पाकिस्तानातल्या थरपारकरहून आलेल्या सोढा समाजाच्या बायकांनी ते सोबत आणलं. कापडावर काही आखत नाहीत, उलट्या बाजूनं धागे मोजत भरतात. सगळं मागं टाकून आलेल्या बाईच्या बोटांत ती मोजणी शाबूत होती. मला पत्र्याच्या शेडमधली आजी आठवली, ढिगाऱ्यातून काढलेल्या लुगड्यांची वाकळ शिवणारी.

ओढणी आईला दिली. तिनं आधी उलटी करून पाहिली, मग विचारलं, “तिथलं पाणी आता बरं हाय का?”