'प्रोब' नाण्याच्या नावाखाली मला 1,640 युरोला गंडवलं, सावध राहा

जर्मनीत वायमार काळातली (पहिल्या महायुद्धानंतर ते हिटलर येईपर्यंतची) नाणी जमवणाऱ्यांनी हे वाचाच, त्यातही 'प्रोब' म्हणजे टांकसाळीने चाचणीसाठी पाडलेल्या ट्रायल नाण्यांच्या मागे असाल तर. 1,640 युरो गेले, वर 9 युरो पोस्टेज.

नाणं 1927 चं 5 राइशमार्क (तेव्हाचं जर्मन चलन), ओकच्या झाडाचं, मिंटमार्क म्हणजे टांकसाळीचं अक्षर एफ, म्हणजे स्टुटगार्ट, मी राहतो तिथलंच, आणि झाडाशेजारी बारीक अक्षरांत 'प्रोब' ठोकलेलं. साधं नाणं डीलरकडे सहज मिळतं, प्रोब सहजासहजी दिसत नाही. आजोबांचं कलेक्शन, घाईची विक्री, बाकी स्टोरी तुम्हाला पाठ असेलच.

पण विकणाऱ्याने पाठवलेला वजनकाट्याचा फोटो आठवला की अजून डोकं फिरतं. 21.8 ग्रॅम! हे नाणं 25 ग्रॅमचं असतं, अर्धी चांदी, मी झोपेतही सांगेन. विचारलं तर म्हणे ट्रायल आहे ना, वेगळ्या धातूत पाडलं असेल. अरे पण जाहिरातीत तूच चांदी लिहिलंयस ना! तिथेच व्यवहार तोडायला हवा होता. पण टांकसाळी खरंच वेगळ्या धातूंत ट्रायल पाडायच्या, त्यामुळे कुणालाही पटलं असतं, मी काही नवखा नाही. साध्या नाण्यात जी खोट दिसते तीच प्रोबमध्ये दुर्मिळ म्हणून खपवतात, सगळा धंदा यावरच चालतो.

कडेचा फोटो मागा, नाही दिला तर विषय संपला. कडेवर 'आइनिशकाइट उंट रेश्ट उंट फ्राइहाइट' (एकता, न्याय आणि स्वातंत्र्य) ही अक्षरं स्वच्छ दिसतात, माझ्या नाण्यावर ती विरघळल्यासारखी आणि कडेभर साच्याच्या जोडाची बारीक रेघ, म्हणजे ठोकलेलं नाही, ओतलेलं. डीलरने भिंगातून बघून सांगितलं, पितळ आहे, वर चांदीचं पाणी.

आणि पोलीस! ऑनलाइन तक्रार केली, फाइल नंबर मिळाला, मग नुसती शांतता, फोन केला की साहेब सुट्टीवर, शेवटी पत्र आलं की विकणाऱ्यालाही खोटं असल्याचं माहीत नसेल, हेतू सिद्ध होत नाही, केस बंद. काट्याचा फोटो, चॅट, डीलरचं लेखी मत सगळं जोडलं होतं, उघडून तरी बघितलं का? पेमेंटवाले म्हणाले तुम्ही 'मित्राला पैसे' हा ऑप्शन वापरलात, प्रोटेक्शन नाही. तो ऑप्शन त्यानेच मागितला होता, फी वाचते म्हणून. कधीही वापरू नका. जुन्या लिलावाची पावती नसेल तर प्रोब घेऊच नका.

स्टुटगार्टच्या आसपास कुणी एफचंच प्रोब असं घेतलं असेल तर मेसेज करा, दोन-चार तक्रारी एकत्र गेल्या तर निदान फाइल परत उघडायला सांगता येईल.