कोपरावर मोटर की मनगटावर सेन्सर?

अ‍ॅशवर्थ श्रेणीवर (ताठर स्नायू हाताने ताणून, तो किती अडवतो याला गुण देण्याची पद्धत) १ लिहायचं की १+, यावरून ज्यांचा सहकाऱ्याशी वाद झालाय, त्यांना हा ताठरपणा (स्पॅस्टिसिटी) मोजायला यंत्र कशाला हवं हे सांगायला नको. (१+ ही पायरी १९८७ मध्ये मोजणी आणखी बारीक व्हावी म्हणून घातली होती म्हणे!) माझ्यापुढे दोन पर्याय होते: मोटर बसवलेला, हातावर चढवायचा कोपराचा सांगाडा, किंवा दंडावर आणि मनगटाजवळ बांधायचे, वेग आणि कोन टिपणारे दोन सेन्सर, ज्यात हात आपणच हलवायचा.

मोटरची खरी ताकद वेगात. लान्स या मेंदूविकारतज्ज्ञाने १९८० मध्ये केलेली स्पॅस्टिसिटीची व्याख्याच वेगावर उभी आहे. जितक्या झटक्यात ताणाल, तितका स्नायू अडवणार. मोटर पहिल्यांदा आणि दहाव्यांदा तेवढ्याच वेगाने फिरते. संध्याकाळी आठव्या पेशंटला माझा हात तसा फिरत नाही, हे कबूल. शिवाय सावकाश फिरवताना लागणारा जोर म्हणजे बहुतेक स्नायूचा स्वतःचा कडकपणा, झटक्यात वाढतो तो रिफ्लेक्सचा, म्हणजे ताणल्यावर स्नायू आपोआप आवळतो त्याचा. बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) की स्प्लिंट (हात ताणून धरणारा आधार), हे ठरवायला ही फोड फार कामाची.

पण ते बांधणं! मोटरचा आस कोपराच्या आसावरच बसायला हवा. बोटभर सरकला की आकड्यात पट्ट्यांची ओढही मिसळते. आणि मूठ घट्ट, कोपर दुमडलेलं, अशा पेशंटचा हात आत घालायचा तर आधी चार-पाच वेळा सरळ करावा लागतो. तेवढ्यात स्नायू सैल पडतो. एक आजी म्हणाल्या, "डॉक्टर, हात सुटला की! आता काय मोजताय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सेन्सर दोन मिनिटांत लागतात. वेग चुकला तर पडद्यावर कळतं, तो प्रयत्न सोडून द्यायचा. टार्ड्यू चाचणीतला अडकण्याचा कोन (झटक्यात ताणताना स्नायू जिथे अडवतो तो) पूर्वी डोळ्यांनी पकडायचो, तो आता नेमका मिळतो. सावकाश ताणून मिळणाऱ्या कोनाशी त्याचा फरक पाहिला की रिफ्लेक्सचा वाटा किती, याचा बराच अंदाज येतो. जोर मात्र मोजला जात नाही, ही उणीव खरीच.

संशोधन असेल, पट्टे बांधायला सरावलेला मदतनीस असेल, तर मोटर घ्यावी, मी नाही म्हणणार नाही. रोजच्या ओपीडीला मी सेन्सर घेतले. तुम्ही डेमो मागवलात तर विक्रेत्याच्या माणसाच्या मोकळ्या हातावर पाहू नका. आपल्या सगळ्यात घट्ट मुठीच्या पेशंटला बोलवा आणि घड्याळ लावून बसा.